सायलेन्सरमधली जाळी

हे जळगाव, हायवेलगतचं एक गॅरेज, आणि ग्राइंडरखाली कापला जातोय तो बीएस-6 बाइकचा भंगारातून आणलेला सायलेन्सर. आत बघा, मधाच्या पोळ्यासारखी जाळी, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात तो हाच. "काढून टाक भो, पिकअप वाढतो", हे आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं. पण काढायच्या आधी ती करते काय ते बघा.

अजून जवळून. स्टीलचा पत्रा, त्यावर अ‍ॅल्युमिनाचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा खरबरीत थर, आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे कण, इतके बारीक की कॉलेजच्या मायक्रोस्कोपमध्येही दिसायचे नाहीत. हा अ‍ॅल्युमिना एवढा सच्छिद्र असतो की एका ग्रॅमचा पृष्ठभाग 100 चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे हजार स्क्वेअर फुटाचा फ्लॅट चिमूटभर पावडरीत!

इंजिनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड या कणांवर चिकटतो, आत शिरत नाही हां, वरच बसतो, यालाच अधिशोषण म्हणतात. ऑक्सिजनचं वेगळं, त्याचा रेणू धातूवर बसताना तुटतो, दोन अणू सुटे होतात, म्हणून त्याला शेजारीशेजारी दोन जागा लागतात. आता सारंगखेड्याच्या यात्रेची एसटी आठवा, खिडकीतून रुमाल टाकून सगळ्या सीटा धरलेल्या. इंजिन थंड असताना कार्बन मोनॉक्साइड हेच करतो आणि ऑक्सिजन दारात उभा. आपलं 45 डिग्रीचं ऊनही इथे कमीच, जाळी 250-300 ला तापली की काही रेणू उठून जातात, ऑक्सिजनला जागा मिळते, तो शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडला भिडतो, दोघांचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि सीटा परत रिकाम्या, धातू खर्चच होत नाही. इंजिनातून येणारा दुसरा घातक वायू, नायट्रिक ऑक्साइड, ऱ्होडियमवर तुटतो आणि त्यातला नायट्रोजन जोडीनं बाहेर पडतो, आपल्या हवेत असतो तोच.

धातूवर वायू कसे बसतात, कसे तुटतात, हे जर्मनीच्या गेरहार्ड एर्टल यांनी वर्षानुवर्षं खपून उलगडलं, 2007 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

पेट्रोलमधलं शिसं मात्र या जागांवर बसलं की उठतच नाही. देशभरात तसलं पेट्रोल 2000 साली बंद झालं.

जाळी काढली की कार्बन मोनॉक्साइड सरळ बाहेर, ना रंग ना वास, आणि रक्तातही तो ऑक्सिजनची जागा अडवतो.

हा पाना घेऊन सायलेन्सरमागे बसलेला पोरगा, सकाळी नऊपासून इथेच आहे.