काळं अंडं आणि खुराड्यातली जागा

नमस्कार श्रोतेहो. आज कोंबड्यांविषयी बोलायचंय. खऱ्या नव्हे, खेळातल्या. 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा शेतीचा व्हिडिओ गेम 2016 साली आला. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार-एक वर्षं बसून तो बनवला. चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. त्यात आजोबांची पडीक जमीन तुमच्या नावावर होते, मग पेरा, पाणी घाला, विका. आणि हो, कोंबड्या पाळा.

कोंबडी येते कुठून? पहिली विकत घ्यायची. गावात मार्नी नावाची बाई जनावरं विकते, तिच्याकडे कोंबडी 800 गोल्डला मिळते; गोल्ड म्हणजे खेळातला पैसा. त्याआधी रॉबिन सुतारणीकडून खुराडं बांधून घ्यायचं. साध्या खुराड्यात 4 जनावरं मावतात, मोठ्यात 8, सगळ्यात मोठ्यात 12. हे आकडे लक्षात ठेवा. 4, 8, 12. पुढे सगळं घोडं इथेच अडतं.

अंडी उबवायची सोय साध्या खुराड्यात नाही. ते वाढवून मोठं केलं, की आत इन्क्युबेटर येतो. त्यात एका वेळी एकच अंडं ठेवायचं. खेळातले साधारण पाच-सहा दिवस जातात. तिथला दिवस आपल्या घड्याळानं 14 मिनिटांत आटोपतो, म्हणजे खऱ्या कोंबडीच्या 21 दिवसांपुढे हे काहीच नाही. मग एका सकाळी तुम्ही खुराड्यात शिरता आणि खेळ सांगतो, पिल्लू आलं, नाव ठेवा. पांढऱ्या अंड्यातून पांढरी, तपकिरी अंड्यातून तपकिरी. पिल्लू तीन दिवसांत मोठं होतं आणि खायला मिळत राहिलं तर रोज एक अंडं देतं.

आता माझ्या आवडीची गोष्ट सांगतो. माझा भाचा हा खेळ खेळतो, आणि त्याच्या शेजारी त्याची आजी बसते. आजी म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई. त्यांचं निम्मं आयुष्य कोंबड्या राखण्यात गेलंय. कुठली कोंबडी खुडूक झाली, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. भाच्यानं इन्क्युबेटरमध्ये पहिलं अंडं ठेवलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न आला, "कोंबडा कुठाय?"

"लागत नाही, आजी."

"लागत नाही? मग अंड्यात काय कप्पाळ असणार!"

श्रोतेहो, सासूबाई शंभर टक्के बरोबर होत्या. कोंबड्याशिवाय कोंबडी अंडं देते, पण त्यातून पिल्लू निघत नाही. हे तुम्हाला मी काय सांगायचं? पण या खेळात कोंबडाच नाही. इथे जोडी जमवावी लागत नाही, अंडं निवडावं लागतं. पुन्हा सांगतो: जोडी नाही, अंडं. पिल्लू निघालं, तेव्हा सासूबाईंनी ते चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. असेल बाबा."

त्यानंतर त्या रोजच्या भागीदार झाल्या. अंडी तशीच विकण्याला त्यांचा विरोध. साधं अंडं जातं 50 गोल्डला, तेच यंत्रात घालून मेयोनेज केलं की 190. "अंडं विकतो तो कसला शेतकरी," असं म्हणून त्यांनी भाच्याला यंत्रं करायला लावली. रोज प्रत्येक कोंबडीला कुरवाळायचं, हाही नियम त्यांचाच. खेळातही कुरवाळल्यानं जीव लागतो, बदामाची खूण भरत जाते आणि हळूहळू मोठी अंडी यायला लागतात.

दुसरा हुकूम आवाज सुरू करण्याचा. भाचा आवाज बंद करून खेळायचा. हल्ली सगळ्यांनाच ही खोड लागलीय, आवाज बंद आणि खाली पट्टीवर अक्षरं वाचायची. मी रेडिओचा माणूस, मला हे बघवत नाही. एखाद्यानं वर्षानुवर्षं खपून संगीत करावं आणि आपण ते दाबून ठेवावं! असो.

आवाज सुरू केला म्हणूनच पुढची मजा झाली. खेळात रात्र झाली, भाच्याचा शेतकरी झोपला आणि पडद्यावर खुराडं दिसलं. काळोखात झाडूवर बसलेली एक चेटकीण खुराड्यावरून खिदळत गेली. सासूबाईंनी भाच्याचं मनगटच धरलं. सकाळी खुराड्यात एक अंडं. काळं कुळकुळीत, वर लाल ठिपके. माहिती वाचली तर हाताला ऊबदार लागतं म्हणे.

"टाकून दे," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, यातून काळी कोंबडी निघते!"

सासूबाई थबकल्या. "खरंच निघते?"

आता अडचण बघा. मोठं खुराडं, जागा 8. कोंबड्या 7. उरलेल्या एका जागेसाठी इन्क्युबेटरमध्ये आधीच तपकिरी अंडं बसलेलं. ते फुटलं की खुराडं भरलं, आणि खुराडं भरलेलं असेल तर नवं पिल्लू बाहेर येत नाही. जागा हवी, श्रोतेहो. अंडं कितीही अपूर्वाईचं असू द्या, जागा हवी. काळं अंडं गेलं पेटीत.

घरात दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, जी लहान अंडी देते ती विक. भाचा म्हणाला, ती सोनुली आहे, तिला विकणार नाही. खेळात कोंबडी म्हातारी होऊन मरत नाही, कापता तर येतच नाही, फक्त विकता येते. त्यामुळे विकणं म्हणजे मुलांना मोठंच पाप वाटतं. शिवाय सासूबाईंना वेगळीच काळजी. पेटीतलं अंडं इतके दिवस राहिलं तर उबेल कसं? त्यांच्या हिशेबानं आठवडाभराहून जुनं अंडं कोंबडीखाली ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि खऱ्या अंड्यांच्या बाबतीत ते खरंच आहे. भाच्यानं शपथेवर सांगितलं, या पेटीत अंडं नासत नाही, कधीच.

शेवटी तोडगा निघाला खुराडं आणखी वाढवायचा. 20,000 गोल्ड, 500 लाकडं, 200 दगड. मग काय, आजी-नातवाची मेयोनेजची लगबग सुरू झाली. आज किती झाले, अजून किती राहिले, स्वयंपाकघरातून विचारणा व्हायची. झाडं तोडताना सासूबाई बजावायच्या, "सगळी तोडू नको रे, बी लाव." खुराडं वाढलं, काळं अंडं इन्क्युबेटरमध्ये गेलं, आणि एका सकाळी लाल डोळ्यांचं काळं पिल्लू समोर उभं. नावाची चौकट आली. भाचा काही भयंकर इंग्रजी नाव टाकणार होता. सासूबाईंनी ठणकावलं, "काजळ लिही." काजळची अंडी काळीच निघतात, त्यांचं मेयोनेज 275 गोल्डला जातं. बहिणीचा फोन आला की सासूबाई मागून विचारतात, मामाला काजळचं सांगितलंस का?

बरं, वेळ थोडा आहे, राहिलेलं भरभर सांगतो. कोंबड्या बाहेर गवत खातात, पण हिवाळ्यात गवत नसतं, म्हणून आधीच गवत कापून सायलोत, म्हणजे चाऱ्याच्या कोठारात, चारा साठवा. उपाशी राहिल्या तर मरत नाहीत, रुसतात आणि अंडं देत नाहीत. संध्याकाळी त्या आत आल्यावरच दार लावा; बाहेर राहिलेलं जनावर रात्री जंगली प्राणी उचलू शकतो. निळी कोंबडी हवी असेल तर गावातल्या शेन नावाच्या गृहस्थाशी चांगली दोस्ती करावी लागते, त्यानंतर दर चौघांत एखादं पिल्लू निळं निघण्याचा संभव असतो. डायनासोरचं अंडं सापडलं, तर तेही याच इन्क्युबेटरमध्ये उबतं. पहिलंच असेल तर संग्रहालयाला द्यायचं की उबवायचं, ते तुम्ही ठरवा. मी उबवीन. संग्रहालयाला दुसरं देता येईल.

दुसऱ्या एका खेळात, 'माइनक्राफ्ट'मध्ये, प्रकार अगदीच वेगळा. तिथे अंडं चक्क फेकून मारायचं, आठांतून एकदा पिल्लू निघतं. किंवा दोन कोंबड्यांना बी चारायचं, की पिल्लू तयार. कोंबडा तिथेही नाही. सासूबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

गायींचं राहिलंच. त्यांना इन्क्युबेटर लागत नाही, वाढवलेल्या गोठ्यात जागा असली की एखाद्या रात्री वासरू होतं, आणि बैल? तो विषय पुढच्या वेळी. नमस्कार.