विझवून बघायचं

(दृश्य: खारघरचे डोंगर, पाऊस. मग काळोखी खोली.)

खारघरच्या डोंगरांवर पावसाने जोर धरलाय. खाली प्रयोगशाळेतल्या या खोलीला मात्र खिडकीच नाही. पेशीतलं प्रथिन किती वेगाने हिंडतं, ते इथे त्याची चमक विझवून बघतात. सूक्ष्मदर्शकाभोवतीच्या पेटीत तापमान 37 अंश, कार्बन डायऑक्साइड 5 टक्के. आतल्या पेशी जिवंत आहेत आणि तशाच राहायला हव्यात.

(दृश्य: बशी, पिपेट.)

पेशींच्या या द्रवाला गुलाबी रंग येतो फिनॉल रेड या रंगद्रव्यामुळे. पण तो स्वतःही थोडा चमकतो आणि पडद्यावरचं चित्र मळकट करतो. म्हणून तो काढून बिनरंगी द्रव घालायचा. पिपेटचं टोक बशीच्या कडेला टेकवून, सावकाश. धार थेट पडली तर पेशी तळापासून सुटतात.

(दृश्य: पडद्यावर हिरव्या पेशी.)

ज्या प्रथिनाची हालचाल बघायची, त्याला हिरवं चमकणारं दुसरं प्रथिन जोडलेलं आहे. ही हिरवी चमक आली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जेलीफिशकडून. तिच्यातलं हे प्रथिन, जीएफपी, 1962 साली ओसामू शिमोमुरांच्या संशोधनातून पुढे आलं. त्याचं जनुक 1992 मध्ये वेगळं करून दिलं डग्लस प्रॅशर यांनी. पुढे त्यांचं अनुदान संपलं. मग ते जनुक त्यांनी इतरांच्या हाती सोपवलं. 1994 मध्ये मार्टिन चाल्फींनी ते जिवाणूत आणि कृमीत चमकवलं, रॉजर त्सिएन यांनी त्याला नवनवे रंग दिले. 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना. प्रॅशर तेव्हा अलाबामात एका मोटार विक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी व्हॅन चालवत होते. 'याचा उपयोग काय?' हा रकाना अनुदानाच्या अर्जात ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

(दृश्य: केंद्रकावर लेझर.)

आता बघा. लेझर क्षणभर पूर्ण ताकदीने... आणि केंद्रकात काळं भोक! तिथली प्रथिनं शाबूत आहेत, फक्त विझलीत. कायमची. तरीही भोक भरतंय, कारण बाजूची चमकती प्रथिनं आत शिरतायत, विझलेली बाहेर पडतायत. लोकल सुटल्यावर वाशीचा फलाट पुन्हा भरावा तसं. चमक विझवायची आणि ती कशी परत येते ते बघायचं, या तंत्राला इथे सगळे 'फ्रॅप' म्हणतात.

मोजायचा तो भरण्याचा वेग. मोकळं हिंडणारं प्रथिन असेल तर सेकंदही लागत नाही. डीएनएवर जरा टेकून पुढे जाणारं असेल तर काही सेकंद. आणि ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनना जीएफपी जोडलं, तर तास उलटतात, भोक जवळपास तसंच. कधी ते अर्धंच भरतं; म्हणजे उरलेली प्रथिनं कुठेतरी घट्ट चिकटून बसलीत.

फॉर्मॅलिनमध्ये मारलेल्या पेशीत प्रथिन कुठे आहे ते कळतं. थांबलंय की वाटेत आहे, ते नाही.

औषधाने हा वेग बदलतो का, हेही असंच तपासता येतं. कर्करोगाच्या संशोधनात त्याला मोल आहे.

(दृश्य: आलेख, मग पुढची पेशी.)

एका पेशीवर भिस्त ठेवत नाहीत. पुढची निवडताना सगळ्यात उजळ दिसते ती मात्र सोडून द्यायची. तिच्यात प्रथिन गरजेपेक्षा फार जास्त बनलेलं असतं, त्याची चाल खरी धरता येत नाही.