डॉक्टर हू : जुनं श्रेष्ठ की नवं, हे ठरवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचे चाहते पुण्यात मोजकेच. पण त्यातले दोघं समोरासमोर बसले की चहा यायच्या आत वाद सुरू होतो: जुनं श्रेष्ठ की नवं? जुनं म्हणजे २३ नोव्हेंबर १९६३ ते ६ डिसेंबर १९८९ या काळात बीबीसीने दाखवलेले २६ सीझन. नवं म्हणजे २६ मार्च २००५ पासून पुढचं. मधे १९९६ चा एक टीव्ही चित्रपट आहे. नायक तोच: निळ्या पोलीस बॉक्समधून, म्हणजे पोलिसांच्या टेलिफोनच्या खोक्यासारख्या यानातून, काळात आणि अवकाशात फिरणारा, मरायची वेळ आली की शरीर आणि स्वभाव दोन्ही बदलणारा डॉक्टर. आज या मालिकेची चर्चा करताना हेही सांगायला हवं की १९६३ ची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन मूळचे लखनौचे.

नव्या प्रेक्षकाची जुन्याविरुद्ध तक्रार एकच असते: फार संथ. ही तक्रार बऱ्याच अंशी बघण्याच्या पद्धतीतून येते. जुनी कथा सहसा चार किंवा सहा भागांची, भाग २५ मिनिटांचा, आणि बहुतेक वर्षं आठवड्याला एकच भाग. शेवटच्या क्षणी कुणीतरी कड्यावरून लोंबकळत राहायचं किंवा दार उघडून समोर राक्षस उभा असायचा. पुढचा भाग तोच प्रसंग पुन्हा दाखवून सुरू व्हायचा, कारण मधे सात दिवस गेलेले असायचे. सहा भाग सलग लावले तर अडीच तासांत पाच वेळा तेच क्षण परत दिसतात, बारा वेळा शीर्षकसंगीत वाजतं, आणि ज्या प्रसंगाने आठवडाभर जीव टांगणीला लागायचा तो दीड मिनिटात निकाली निघतो. मग कंटाळा येणारच. दिवसाला एकच भाग बघा, फार तर दोन. त्याहून जास्त नको.

तरीही सहा भागांच्या कथांमधला एक दोष खरा आहे आणि जुन्याच्या चाहत्यांनी तो मान्य करावा. चौथ्या-पाचव्या भागात पात्रं पकडली जातात, सुटतात, पुन्हा पकडली जातात. कथेचा जीव चार भागांचा आणि वेळ मात्र सहा भागांचा भरायचा, म्हणून हे होतं. त्यामुळे सुरुवात चार भागांच्या कथेने करावी. १९७७ ची ‘द रोबॉट्स ऑफ डेथ’ किंवा १९८४ ची ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ घ्या. या दोन्हींत एक प्रसंग काढायला जागा नाही.

आता टीव्हीच्या सेटिंगबद्दल, कारण निम्मी नाराजी तिथून येते. जुनं चित्र चारास तीन या प्रमाणात आहे. टीव्ही ते सोळास नऊमध्ये ताणतो आणि माणसं तेहतीस टक्के रुंद दिसायला लागतात. चित्राचं प्रमाण मूळचं ठेवा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ द्या. मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्हीने स्वतःहून मधली चित्रं भरणं, बंद करा. जुन्या भागांत स्टुडिओतलं चित्रण व्हिडिओवर असायचं, सेकंदाला ५० फील्ड (अर्धी चित्रं), म्हणून ते गुळगुळीत दिसतं. बाहेरचं चित्रण मात्र बहुधा १६ मिलिमीटर फिल्मवर, सेकंदाला २५ फ्रेम. पात्र दारातून अंगणात आलं की चित्राचा पोत बदलतो. प्रत खराब आहे असं समजू नका, तो त्या काळचा रिवाज होता. स्मूदिंग चालू असेल तर हा फरक पुसला जातो आणि सगळंच सपाट होतं. हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या दातेरी रेघा दिसल्या तर मात्र प्रत नीट डीइंटरलेस झालेली नाही, म्हणजे अर्धी चित्रं नीट जुळवलेली नाहीत, दुसरी शोधा. जानेवारी १९७० ची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ संपामुळे स्टुडिओ न मिळाल्याने पूर्ण फिल्मवर केली गेली. रंगीत चित्रणाची सुरुवातही याच कथेपासून. फिल्म असल्यामुळे ती हाय डेफिनिशनमध्ये काढता आली. चित्राच्या दर्जामुळे अडखळणाऱ्याने इथून शिरावं.

साठच्या दशकातले भाग जवळजवळ नाटकासारखे सलग वठवले जायचे. टेप कापणं महाग, म्हणून पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल वाक्यात अडखळले तर ते तसंच राहायचं. ते अडखळणं ऐकून अभिनय कच्चा ठरवणं अन्यायाचं आहे.

तुलना करायची तर जोड्या लावून करा. १९७५ च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मधला सुतेख २०२४ मध्ये परत आला, आणि दोन्ही वेळा आवाज गॅब्रिएल वूल्फ यांचाच. एकच खलनायक, एकच आवाज, मधे ४९ वर्षं. जुन्यात तो जवळजवळ पूर्ण कथाभर खुर्चीत बसून बोलतो आणि तरी धडकी भरते. नव्यात तो अक्राळविक्राळ होतो, विश्वच धुळीला मिळतं, आणि भीती कमी होते. इथे माझं मत सरळ जुन्याच्या बाजूने.

दुसरी जोडी याच्या उलट. डॉक्टरची सोबतीण सारा जेन १९७६ मध्ये ‘द हँड ऑफ फिअर’च्या शेवटी काही मिनिटांच्या निरोपाने निघून जाते. २००६ च्या ‘स्कूल रियुनियन’मध्ये ती परत येते आणि विचारते, मला सोडून गेलास, पुढे माझं काय झालं असेल? एलिझाबेथ स्लेडन यांनी दोन्हीकडे कमाल केली आहे, पण हा प्रश्न जुन्या मालिकेने कधी विचारलाच नव्हता. माणसांच्या बाबतीत नवं पुढे आहे, निर्विवाद.

एक गैरसमजही दूर करू. डॉक्टरचा यंत्रकवचातला शत्रू डालेक, त्याला जिना चढता येत नाही ही थट्टा २००५ च्या ‘डालेक’ने संपवली, असं सांगतात. तो जिना १९८८ च्या ‘रिमेंब्रन्स ऑफ द डालेक्स’मध्येच चढून झाला होता, पहिल्या भागाच्या अखेरीस. तसंच सॉनिक स्क्रूड्रायव्हर, म्हणजे डॉक्टरचं कुलपं उघडणारं हत्यार, हे नव्याचं लाडकं खेळणं, पण ते आलं १९६८ मध्ये. १९८२ मध्ये लेखकांना सोपी पळवाट मिळते म्हणून मुद्दाम नष्ट केलं गेलं. नव्यात ते परत आलं आणि पळवाटही परत आली.

आवाजाबद्दल रेडिओवर बोलताना हात आखडता कशाला घ्यायचा? रॉन ग्रेनर यांच्या शीर्षकधुनेला डेलिया डर्बिशायर यांनी १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगशाळेत रूप दिलं. तिथे तेव्हा सिंथेसायझर नव्हता. छेडलेल्या एका तारेचा आवाज टेपवर घेऊन, टेपची गती कमीजास्त करून वेगवेगळे स्वर मिळवले. ऑसिलेटर या विजेवर सूर काढणाऱ्या यंत्राचे सूर, गाळून घेतलेला पांढरा गोंगाट (व्हाइट नॉइज), प्रत्येक स्वराचा टेपचा तुकडा मोजून कापून जोडलेला. अनेक ट्रॅकचं यंत्र नव्हतं, म्हणून टेपयंत्रं एकाच वेळी सुरू करून सगळं एकत्र केलं. टारडिसचा, म्हणजे त्या निळ्या पोलीस बॉक्सचा, घरघराट ब्रायन हॉजसन यांनी मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारेवर घराची किल्ली घासून काढला. २००५ मध्ये मरे गोल्ड यांनी याच मूळ ध्वनिमुद्रणातले तुकडे घेऊन भोवती वाद्यवृंद रचला. हेडफोन लावून दोन्ही धुना लागोपाठ ऐका, जुने तुकडे नव्यात ओळखू येतात.

आणि जे आता बघताच येत नाही त्याचं काय? साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग हरवलेले आहेत. दोन इंची टेप महाग, पुन्हा वापरता येणारी, आणि पुनःप्रक्षेपणावर करारांची बंधनं, म्हणून बीबीसीने त्या पुसल्या. परदेशी विकलेल्या १६ मिलिमीटर प्रतींतून काही परत आले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरातून नऊ भाग मिळाले. आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं आहेत, मधली नाहीत. ते दुःख पुणेकरांना समजावून सांगायला नको. पण ‘डॉक्टर हू’च्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण त्या काळच्या प्रेक्षकांनी तो घरी टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला. त्यावर बेतलेली ॲनिमेशन निघाली आहेत. चित्र नव्याने काढलेलं असलं तरी बोलणं अस्सल आहे, तेव्हा दुसरे डॉक्टर पॅट्रिक ट्रॉटन यांची ओळख करून घ्यायला ती वगळू नका.