रूथ सिमन्स : तीन संस्था, एक अध्यक्ष

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या प्रमुखाला ‘प्रेसिडेंट’, म्हणजे अध्यक्ष, म्हणतात. विश्वस्त मंडळाने नेमलेल्या या व्यक्तीला प्राध्यापकांचा विश्वास मिळवावा लागतो, देणग्या उभाराव्या लागतात आणि प्रवेशाचे दार कोणासाठी किती उघडायचे याची जबाबदारीही घ्यावी लागते. हे काम तीन अगदी वेगळ्या संस्थांमध्ये करणाऱ्या रूथ सिमन्स यांच्याविषयी आज मी बोलणार आहे.

सिमन्स यांचा जन्म 1945 साली टेक्सासमधल्या ग्रेपलँड या लहान गावी झाला. वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातल्या बारा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. पुढे कुटुंब ह्यूस्टनला आले आणि तिथल्या शाळेतील शिक्षकांनी या मुलीला महाविद्यालयाची वाट दाखवली. शिष्यवृत्ती मिळाली, पण अंगावर घालायला धड कपडे नव्हते, तेव्हा शिक्षिकांनी आपले कपडे तिला दिले. न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठातून 1967 मध्ये पदवी आणि हार्वर्डमधून 1973 मध्ये डॉक्टरेट. विषय फ्रेंचसारख्या, लॅटिनपासून निघालेल्या भाषांचे साहित्य. डिलार्डमध्ये शिकत असतानाच त्या काही काळ वेलस्ली या महिला महाविद्यालयात राहिल्या होत्या आणि तिथे अध्यक्षपदावर एक स्त्री आहे हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. अशा पाहण्याचे मोल फार असते, असे मला वाटते.

अध्यक्षपदापर्यंतची त्यांची वाट लांब आणि पायऱ्यापायऱ्यांची होती. सहायक अधिष्ठाता, आफ्रिकी-अमेरिकी अभ्यास विभागाच्या प्रभारी संचालक, स्पेलमन महाविद्यालयात प्रोव्होस्ट (म्हणजे शैक्षणिक कारभाराच्या प्रमुख), प्रिन्स्टनमध्ये उपप्रोव्होस्ट अशी पदे त्यांनी सांभाळली. ही पदे बाहेरच्या जगाला दिसत नाहीत, परंतु कोणाची नेमणूक कशी होते, अंदाजपत्रकात कोणत्या विभागाचे काय होते आणि तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याचे म्हणणे कुठे अडकून पडते, हे तिथेच कळते. प्रिन्स्टनमध्ये आफ्रिकी-अमेरिकी अभ्यास विभागाची धुरा हाती असताना त्यांनी नामवंत कृष्णवर्णीय विद्वान आणि लेखक विद्यापीठात आणले, आणि 1993 मध्ये परिसरातील वांशिक संबंधांवर एक अहवाल लिहिला, ज्याची इतर संस्थांनीही दखल घेतली.

1995 मध्ये त्या मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ या महिला महाविद्यालयाच्या अध्यक्ष झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी. अमेरिकेतल्या कोणत्याही महिला महाविद्यालयात तोवर अभियांत्रिकीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम नव्हता. तो स्मिथमध्ये सुरू करण्याचा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत 1999 मध्ये झाला आणि 2004 मध्ये त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. तोवर त्या स्वतः तिथे नव्हत्या. शिक्षण-प्रशासनात पेरणाऱ्याच्या हाती कापणी क्वचितच येते.

2001 मध्ये त्या ऱ्होड आयलंडच्या ब्राउन विद्यापीठात गेल्या. ‘आयव्ही लीग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आठ जुन्या विद्यापीठांपैकी एकाच्या प्रमुखपदी कृष्णवर्णीय व्यक्ती येण्याची ती पहिलीच वेळ होती. देशातल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देताना कुटुंबाची पैसे भरण्याची ऐपत पाहायची नाही, हे धोरण त्यांनी आणले. परंतु त्यांचे सर्वांत धाडसाचे काम वेगळेच आहे. हे विद्यापीठ 1764 मध्ये स्थापन झाले आणि ज्या ब्राउन घराण्याचे नाव त्याला आहे, त्या घराण्यातील भावांनी त्याच वर्षी ‘सॅली’ नावाचे जहाज गुलामांच्या खरेदीसाठी आफ्रिकेकडे पाठवले होते. त्या सफरीत घेतलेल्या 196 माणसांपैकी निदान 109 जण दगावले. गुलामांची वंशज असलेली अध्यक्ष 2003 मध्ये समिती नेमते, विद्यापीठाचा गुलामगिरीशी असलेला संबंध कागदपत्रांतून शोधायला सांगते आणि 2006 मध्ये आलेला अहवाल सर्वांसमोर ठेवते. देणगीदारांवर अवलंबून असलेल्या संस्थेत हे करणे किती अवघड असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी अशीच चौकशी हाती घेतली.

याच काळात एका मोठ्या गुंतवणूक बँकेच्या संचालक मंडळावर त्या असल्याबद्दल, विशेषतः 2008 च्या आर्थिक संकटानंतर, त्यांच्यावर टीका झाली. 2010 मध्ये त्या तिथून बाहेर पडल्या. ती टीका अगदीच अस्थानी होती असे मला म्हणता येत नाही.

2012 मध्ये ब्राउनचे पद सोडल्यावर त्या टेक्सासला परतल्या. 2017 मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाची जबाबदारी घेतली. कृष्णवर्णीयांसाठी 1876 मध्ये स्थापन झालेली ही टेक्सासमधलीच सरकारी संस्था. तिच्याकडे ब्राउनच्या तुलनेत साधने फारच थोडी. 2020 मध्ये अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी तिला 5 कोटी डॉलरची देणगी दिली, तेव्हा त्यातले 1 कोटी डॉलर सिमन्स यांनी महासाथीमुळे शिक्षण अर्धवट सुटण्याची भीती असलेल्या विद्यार्थ्यांसाठी बाजूला काढले.

2023 मध्ये ते पद सोडून त्या ह्यूस्टनच्याच राइस विद्यापीठात मानाच्या फेलो म्हणून रुजू झाल्या. 1963 मध्ये त्या याच शहरात शाळा संपवून बाहेर पडल्या, तेव्हा राइसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता.