ताईची आंबील, अज्जींची अंबली

पहाटेचे साडेचार वाजलेत, बंगळुरूचं जयनगर, अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाच किचनचा लाईट चालू आहे. ही माझी ताई. ओट्यावर रबरबँड लावलेली काचेची बरणी दिसतेय ना, ते तिचं विरजण, म्हणजे सावरडो स्टार्टर, ब्रेड फुगवायला आंबवलेलं पीठ. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. रात्रीतून किती फुगलं ते कळावं म्हणून रबरबँड. नागपूर सोडलं तेव्हा सगळं सामान ट्रकने आलं, ही बरणी मात्र ट्रेनमध्ये ताईच्या मांडीवर.

मे संपता संपता आली ती. तिकडे पारा 45 ला टेकलेला, चार तासांत पीठ फसफसून बरणीच्या तोंडाशी यायचं. बंगळुरू 900 मीटर उंचावर, जूनमध्येच रात्री 20 डिग्री, पीठ जागचं हलेना. पहिले तीन आठवडे एक ब्रेड धड झाला नाही. विरजण मेलं म्हणून फोनवर रडली होती माझ्याकडे. मेलं नव्हतं, त्याला जास्त वेळ हवा होता, इतकंच. आता रात्री आठला भिजवते आणि पहाटेपर्यंत हातसुद्धा लावत नाही.

पण साधा ब्रेड विकून चालणार नव्हतं, इथे गल्लोगल्ली अय्यंगार बेकरी, मूळची कर्नाटकातल्याच हासनकडची मंडळी, अंडं न घालता केलेला हनी केक, खारा बन, लोकांना लहानपणापासून तीच चव माहिती. ताई म्हणाली, मी नाचणीचा करते. नाचणीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातला तो चिकट ताण, नसतो, त्यामुळे ब्रेड फुगेना, नुसत्या विटा. खालच्या मजल्यावरच्या अज्जींनी (कानडीतही अज्जीच म्हणतात) एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, अगं अंबली करून का नाही घालत? अंबली म्हणजे आपली आंबीलच की! तेव्हापासून थोडं नाचणीचं पीठ आधी पाण्यात शिजवायचं, घट्ट झालं की गार करून कणकेत मळायचं. शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं, ब्रेड तिसऱ्या दिवशीही मऊ.

हा बघा, कापतेय. वरचा पापुद्रा करकरतोय, आत तांबूस, जाळीदार, आणि वास भाकरीचा.

एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन तिने पहिली ऑर्डर घ्यायच्या आधीच केलं, तेव्हा वर्षाला 100 रुपये लागले, घरून विकणाऱ्यांनी ते टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

आज बारा ब्रेड आहेत. स्कूटरवर सहाच मावतात, म्हणून दोन चकरा, पण त्याआधी एक खाली अज्जींकडे, अजून कोमट आहे तोवर.