मुखदुर्बळ म्हणून सोडून दिलेला आजार

[दृश्य: इंजिनिअरिंग कॉलेजची प्रयोगशाळा. दाराबाहेर फायली घेऊन ताटकळलेली मुलं.]

आत तोंडी परीक्षा चालू आहे. रोल नंबर पुकारला जातो. या मुलाला विषय चांगला येतो. काल रात्री होस्टेलवर मित्रांना त्यानेच शिकवलाय. पण आत पाऊल टाकलं आणि तोंडाला कोरड पडली, कानशिलं तापली. हाताची थरथर परीक्षकांना दिसू नये म्हणून त्याने फाइल गच्च आवळून धरलीय. जेवढी गच्च धरतोय, तेवढा हात जास्तच कापतोय.

व्हायवाला घाबरत नाही असं कोण आहे? पण याची भीती व्हायवापुरती नाही. कॅन्टीनमध्ये चारचौघांदेखत तो डबा उघडत नाही. अनोळखी नंबरचा फोन वाजून वाजून बंद होऊ देतो. नात्यातलं लग्न आठवड्यावर आलं की पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात बुजरा आहे, पाहुणे म्हणतात शिष्ट आहे.

मानसोपचारात याला सोशल एन्झायटी डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत 1980 साली हा आजार ‘सोशल फोबिया’ म्हणून नोंदला गेला. लोक आपल्याला जोखतील, हसतील ही भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली, आणि तिच्यापायी शिक्षण, नोकरी, नाती अडायला लागली, तर तो नुसता लाजरेपणा उरत नाही. अमेरिकेतल्या नोंदींनुसार चारांतल्या तिघांना हा त्रास 8 ते 15 या वयात सुरू होतो. आणि नेमक्या याच वयातल्या मुलाबद्दल आपण म्हणतो, ‘मोठा झाला की होईल धीट.’

[दृश्य: फाइल धरलेले हात, अगदी जवळून.]

मग ही भीती जात का नाही? रोज माणसांत वावरून ती मरायला हवी. 1995 साली डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी याचं उत्तर मांडलं. अशा प्रसंगी माणसाचं लक्ष समोरच्याकडे राहतच नाही, सगळं स्वतःवर खिळतं. आत छाती धडधडतेय, म्हणजे बाहेरूनही आपण तसेच भेदरलेले दिसतोय, अशी त्याची खात्री पटते. मग तो पळवाटा काढतो. फाइल आवळतो, नजर टाळतो, प्रत्येक वाक्य मनात घोकून मग बोलतो. प्रसंग निभावतो, पण त्याचं श्रेय पळवाटेला जातं. ती नसती तरी काही बिघडलं नसतं, हे त्याला कधी कळतच नाही. वर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सगळ्याची उजळणी: ‘मी असं का बोललो?’

[दृश्य: न्यूयॉर्कचं जुनं छायाचित्र. बागेतले बाक.]

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला 19 वर्षांचा अल्बर्ट एलिस मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. त्याने स्वतःलाच कामाला लावलं. महिनाभर बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. अशा 130 जणी झाल्या. 30 जणी उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, ती आलीच नाही! प्रेमाच्या हिशेबात सपशेल अपयश. पण ज्याची धास्ती होती तसलं काहीच घडलं नाही आणि भीती ओसरली. (आज कुणी अनोळखी बायकांवर हा प्रयोग करू नये, हे सांगायलाच हवं.) याच एलिसने 1955 मध्ये विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता.

[दृश्य: समुपदेशन कक्ष. टेबलावर छोटा कॅमेरा.]

आजच्या सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारात, हेच जास्त बेतशीर केलं जातं. एकच संभाषण दोनदा करायचं: एकदा सगळ्या पळवाटांसकट, एकदा त्या सोडून आणि लक्ष समोरच्याकडे ठेवून. दोन्हींचं चित्रण होतं. पाहण्याआधी लिहून द्यायचं, ‘मी कसा दिसलो असेन?’ मग पडद्यावर पाहायचं. लिहिलेलं आणि दिसलेलं सहसा जुळत नाही. तिथून पुढे बाहेरचे प्रयोग: दुकानात भाव विचारून काहीच न घेता परतणं, हळदीकुंकवात मुद्दाम अडखळत उखाणा घेणं. ‘घाबरू नकोस’ या सल्ल्याने मात्र आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

गरज पडली तर औषधंही आहेत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. भाषणाआधी धडधड आवरायला प्रोप्रॅनोलॉल कधीकधी देतात, पण दमा असलेल्यांना ते चालत नाही. म्हणून मित्राच्या चिठ्ठीवर गोळी घेऊ नये. दोन पेग मारून लग्नात मिरवणं हीसुद्धा पळवाटच, आणि सगळ्यांत महागात पडणारी.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर 14416.]

सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास चालू असते, मराठीतही. आता ज्याला फोनचीच भीती, त्याला फोन करायला सांगायचं म्हणजे कमालच! पण काय बोलायचं ते कागदावर लिहून सरळ वाचून दाखवलं तरी चालतं. ‘मला माणसांसमोर जायची भीती वाटते,’ एवढं एक वाक्य पुरे. पुढचं ते विचारतात.