शिक्का मारणाऱ्यांची पडताळणी

(पडद्यावर: भरतीची जाहिरात. तिच्यावर लाल अक्षरांत ‘बनावट’ असा शिक्का.)

डिसेंबर 2020. इंटेलिजन्स ब्युरोमधल्या 2000 जागांच्या भरतीची जाहिरात समाजमाध्यमांवर फिरत होती. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या, फॅक्ट चेक विभागानं ती बनावट असल्याचं जाहीर केलं. जाहिरात खरी होती.

दिवस दिवस अभ्यासिकेत बसून एकेका जाहिरातीची वाट पाहणारी मुलं आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यांच्यापैकी कुणी सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवून फॉर्म भरलाच नसता, तर त्याचं ते वर्ष कुणी परत दिलं असतं?

पडताळणी करणारे आज पुष्कळ आहेत. मुंबईची बूम, 2017 साली अहमदाबादेत सुरू झालेली ऑल्ट न्यूज, हैदराबादची फॅक्टली. मराठीत फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज. यांच्यापैकी कुणावर किती विसंबायचं?

(पडद्यावर: एकाच व्हिडिओच्या दोन प्रती, शेजारी शेजारी.)

आधी एक चांगलं काम पाहू. 2018 साली देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलून पळतात. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असा मजकूर त्याच्यासोबत होता. पडताळणी करणाऱ्यांनी मूळ व्हिडिओ शोधला. तो पाकिस्तानातला, कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृतीसाठी केलेला. मूळ व्हिडिओत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. फिरणाऱ्या प्रतीत तेवढाच भाग कापलेला होता. इथे तपासणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरजच उरली नाही. दोन्ही व्हिडिओ समोर होते, कुणीही पाहावेत.

अशाच अफवांच्या लाटेत 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या 5 जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. पडताळणी हा फावल्या वेळेचा उद्योग नाही, हे महाराष्ट्राला कुणी वेगळं सांगायला नको.

(पडद्यावर: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत.)

आता उलट बाजू. एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे का, हे सरकारचाच फॅक्ट चेक विभाग ठरवणार होता. त्यानं तसं ठरवल्यावरही मजकूर तसाच ठेवला, तर लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल समाजमाध्यम कंपनीला जबाबदार न धरण्याचं कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होतं. विनोदकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. 31 जानेवारी 2024 ला खंडपीठाचा निकाल दुभंगला: न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्द ठरवली, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी ती वैध मानली. 20 मार्चला केंद्रानं पीआयबीच्या विभागाची अधिसूचना काढली, आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. अखेर 20 सप्टेंबर 2024 रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचा कौल दिला.

सरकारनं आपली बाजू मांडावी, खोट्याला खोटं म्हणावं. तो त्याचा हक्कच आहे. पण ज्याच्या कारभाराबद्दल प्रश्न विचारला गेला, त्यानंच उत्तर तपासायचं आणि त्याच्या निकालावर मजकूर हटायचा, ही पडताळणी नव्हे.

मग खाजगी संस्था आपोआप विश्वासार्ह ठरतात का? नाही. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या पॉइंटर इन्स्टिट्यूट या पत्रकारितेचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेनं 2015 साली इंटरनॅशनल फॅक्ट-चेकिंग नेटवर्क उभारलं. त्याच्या आचारसंहितेत निष्पक्षपणा, स्रोत, पैसा आणि कार्यपद्धती उघड करणं आणि चुकांची जाहीर दुरुस्ती, अशा पाच अटी आहेत. बाहेरचे परीक्षक अर्ज तपासतात. ज्यांच्या संपादकीय कामावर सरकारचा किंवा पक्षाचा ताबा आहे, त्यांना इथे मान्यता नाही.

संशोधकांनीही हिशोब मांडला आहे. 2023 मधल्या एका अभ्यासात स्नोप्स आणि पॉलिटिफॅक्ट या अमेरिकी संस्थांनी तपासलेले 749 सारखे दावे जुळवून पाहिले. श्रेणींच्या नावांतले किरकोळ फरक बाजूला ठेवल्यावर खरा विरोध एकाच दाव्यात उरला. पण त्याआधी, 2018 मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात पॉलिटिफॅक्ट आणि वॉशिंग्टन पोस्ट यांचे निकाल ताडले, तेव्हा ‘अर्धसत्य’ किंवा ‘बहुतांशी खोटं’ अशा मधल्या श्रेणींत त्यांचं फारसं जमत नव्हतं. धडधडीत खोटं ओळखण्यात या संस्था पक्क्या आहेत. त्यांनी ‘अर्धसत्य’ म्हटलं की निकाल बाजूला ठेवून मजकूर वाचावा.

आणि चूक झाल्यावर? माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे. कोरोना विषाणू प्रयोगशाळेत तयार झाला, या दाव्याला पॉलिटिफॅक्टनं सप्टेंबर 2020 मध्ये सर्वांत खालची श्रेणी दिली होती. मे 2021 मध्ये त्यांनी तो निकाल मागे घेतला, पण जुना मजकूर गुपचूप पुसला नाही. कारण लिहून तो जपून ठेवला. अशी नोंद पाहिली की माझा त्या संस्थेवरचा विश्वास वाढतो.

पैशाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. अनेक पडताळणी संस्थांना फेसबुकची मालक कंपनी मेटा 2016 पासून कामाचे पैसे देत आली. जानेवारी 2025 मध्ये मेटानं अमेरिकेतला हा कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका कंपनीच्या एका निर्णयानं इतक्या न्यूजरूम हादरू शकतात, ही गोष्ट भारतातल्या वाचकानं गंभीरपणे घ्यायला हवी. आपल्या भाषेत तपास करणाऱ्या संस्थेचा खर्च कोण उचलतं, हे तिला विचारा. आचारसंहितेवर सही केली असेल, तर उत्तर तिच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असलं पाहिजे.